तिला बरं न्हाई

दारात कुणाच्या चपला वाजल्या की आमच्या शेजारच्या म्हातारीचा हात आधी डालग्याकडं जायचा. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. जवळ असेल त्या कोंबडीवर ती ते उपडं घालायची, वरून तळहात दाबून धरायची, आणि आलेल्या माणसानं अजून पायरीही चढलेली नसताना सांगून टाकायची, "तिला बरं न्हाई."

येणारा बिचारा कधी पत्ता विचारायला आलेला असायचा, कधी तांब्याभर पाणी मागायला.

"कुणाला बरं न्हाई?"

"कोंबडीला."

"म्या कुठं इचारलं, मावशी?"

"इचारायच्या आधीच सांगितलेलं बरं असतं, बाबा."

आता कोंबडीच्या तब्येतीची एवढी जाहिरात कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्याकडं पाहुणा आला की घरच्या माणसाची नजर अंगणातल्या कोंबडीकडं वळते, आणि पाहुण्याची तर त्याच्याही आधी. फक्त आजारी कोंबडी कुणी कापत नाही. पाहुण्याला आजारी जिवाचा रस्सा वाढणं म्हणजे त्याचा अपमानच. म्हातारीनं ही एवढी एक फट बरोबर हेरली होती, आणि त्या फटीतून तिनं आपलं सगळं खुराडं वर्षानुवर्षं सुखरूप बाहेर काढलं.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं, साखऱ्याच्या अलीकडचं. मी तिथली अंगणवाडीची बाई. सून म्हणून आले त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत, आणि ती अशी की पलीकडं कोंबडी शिंकली तरी अलीकडं कळावं. सासरच्या गावातल्या वयस्कर बाईला म्हणतात तसं मी तिला आत्याबाई म्हणायचे. सुरुवातीला आमचं मुळीच जमलं नाही. मी मेली फटकळ, आणि तिच्या कोंबड्या रोज माझा मेथीचा वाफा उकरायच्या.

एकदा मी भिंतीवरून ओरडले, "आत्याबाई, तुमच्या आजारी कोंबड्यांनी माझी मेथी साफ केली!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आजारी लेकराला हिरवं लागतंच गं, पोरी."

मी खुरपं खाली ठेवलं आणि एकटीच हसत बसले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

ती सोंगही मोठं बेमालूम करायची. आखाड लागला की तिची खरी धांदल. श्रावण येण्याआधी घरोघर तिखटाची जेवणं, लेकी-जावयांचं येणं-जाणं. मग म्हातारी सकाळीच हळद कालवून बसायची. एकीच्या तुऱ्याला हळद फासायची, दुसरीच्या पायाला चिंधी बांधायची, तिसरीला सरळ मांडीवर घेऊन पदरानं झाकायची. कोंबड्या बिचाऱ्या धडधाकट, त्यांना हा कारभार काही पटायचा नाही. चिंधी बांधलेली कोंबडी ताठ मानेनं सगळ्या गल्लीतून फिरून यायची आणि भर उकिरड्यावर चढून ओरडायची. गावात गंमतच झाली होती. कुणी कामाला टाळाटाळ केली की लोक म्हणायचे, "काहून रे, तू काय म्हातारीची कोंबडी हायस का?"

आणि हे ऐकून ती काही माळकरी असेल असं समजू नका. दुसऱ्याच्या घरचा रस्सा ती ओरपून ओरपून प्यायची आणि वर म्हणायची, "मीठ जरा कमी पडलं." फक्त तिच्या अंगणातल्या कोंबड्यांना सुरी लागायची नाही. त्या तिच्या नव्हत्याच मुळी. त्या संगीताच्या होत्या.

संगीता म्हणजे तिची एकुलती एक लेक. नवरा लवकर गेलेला, घरात या दोघीच. लग्न ठरलं तेव्हा संगीतानं एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून ठेवली होती. पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या, आणि ही पोरगी मात्र डालगं उचलून अंडी बघत होती. जीपमध्ये बसताना आईला म्हणाली, "माय, पिलं निघाली की जपजो. मी आल्यावर बघीन."

ती आली, पिल्लं बघितली, पुढं स्वतःच्या लेकीला घेऊनही आली. आणि मग एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध केलं. ते देणाऱ्या बाबाचं नाव म्हातारीनंच सुचवलं होतं. नांदेडला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मागं राहिली एक लहानगी ईश्वरी, आणि आईच्या अंगणात त्या पिल्लांची पिल्लं.

त्यानंतर म्हातारी कोंबड्यांना अंगणातली जनावरं समजेनाशी झाली. एका वर्षी त्यांच्या डोळ्यांवर खपल्या धरल्या, चोचीभोवती फोड आले. कोंबड्यांना देवी येते, ती आली होती. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? औषध टाकलं असतं, नाही तर टाकून दिलं असतं. हिनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला. घरात लेकराला आई, म्हणजे देवी, आल्यावर पाळतात ते सगळं पाळलं. बाहेरचं माणूस आत घेतलं नाही, केस विंचरले नाहीत, चुलीवर फोडणी दिली नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून, कापसाच्या बोळ्यानं एकेकीचे डोळे पुसायची आणि ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या चोचीत सारायची. आणि एवढ्यावर थांबली असती तर ती म्हातारी कसली! भिंतीवरून मला हाक मारून म्हणाली, "पोरी, तूबी चार रोज फोडणी देऊ नको. वास भिंतीवरून येऊन राहिला. आईला चालत न्हाई."

"आत्याबाई, कोंबड्यांना देवी आली म्हणून माझ्या नवऱ्यानं बिनफोडणीचं वरण खायचं?"

"खाईल की. काय मरतो का?"

खाल्लं बिचाऱ्यानं. रोज ताटावर बसला की विचारायचा, "कशी हाय तब्येत?" मी म्हणायचे, डोळे उघडलेत. कोंबड्या सगळ्या वाचल्या. त्या दिवशी आमच्या दोन्ही घरांत लसणाची फोडणी एकदमच तडतडली.

आता जावयाचं सांगते, कारण दुःख सगळं तिथंच आहे. जावई सेनगावचा, जीप चालवायचा. अंगानं दणकट, बोलायला मोकळा. संगीता गेल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं नाही. ईश्वरीला त्याच्या आईनं सांभाळलं. तो पोरीला घेऊन सासुरवाडीला यायचा आणि म्हातारीचा त्या दिवशीचा उजेडच वेगळा असायचा. ईश्वरीला घेऊन ती प्रत्येक कोंबडीची ओळख करून द्यायची. ही लाली, ही टकली, ही काबरी. काबरी ठिपक्याठिपक्यांची, तीच ईश्वरीची लाडकी.

पण जेवायची वेळ झाली की पंचाईत. जावई म्हणजे घरचा देव. तो आला आणि कोंबडी कापली नाही, असं आमच्या भागात होत नाही. म्हातारीनं डालग्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "जावईबापू, समद्यांना बरं न्हाई बघा. पिठलं टाकते." पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदाही हसला. पुढं पुढं त्याचं हसणं कमी झालं.

मी तिला सांगून बघितलं. सेनगावच्या बाजारातून कोंबडी विकत आणा म्हटलं. आणली तिनं. मसाला वाटून, नीट रस्सा करून जावयापुढं वाढला. त्यानं एक घास घेतला आणि हात थांबवला.

"मामी, बायलर हाय का?"

"व्हय. ताजी हाय."

"अंगणात गावरान फिरून राहिल्या, अन् जावयाला बायलर?"

आवाज चढवला नाही त्यानं. ताटाला नमस्कार केला आणि उठला. हात धुवायला तो आमच्या नळावर आला, तेव्हा माझ्यापुढं त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी काय एका कोंबडीला भुकेला हाय का, वहिनी? पर समजतं माणसाला. मामी मला मनातून खुनी समजतात. उशीर मी केला म्हून लेक गेली, असंच हाय त्यांच्या मनात."

मी त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हातारीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती मांडीवरच्या कोंबडीची पिसं सरळ करत बसली. मग म्हणाली, "अगं, त्याला काहून दोष देऊ? बाबाचं नाव तर म्या सांगितलं."

"मग सांगा ना त्यांना, की या संगीताच्या कोंबड्या आहेत म्हणून कापत नाही."

"लेकीचं नाव काढलं तर त्याला वाटंल, सासू डोळ्यात बोट घालून राहिली. त्याचं घर मोडलं, पोरी. त्याला अजून तकलीफ द्यायची न्हाई."

ती त्याला जपायला गप्प राहिली आणि तो त्या गप्प राहण्यालाच घाबरून यायचा थांबला. माणसं अशी एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांचा जीव घेतात. एक आखाड गेला, दुसरा गेला. ईश्वरी आली नाही. म्हातारी संध्याकाळी दारात बसायची, आणि रस्त्याला जीपचा आवाज आला की उठून उभी राहायची. जीप पुढं निघून जायची. मग ती कोंबड्यांनाच बोलावत असल्यासारखं करायची, "या गं, या, तिन्हीसांज झाली."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर जनावरांच्या दवाखान्याची माणसं गावात आली, हातात बर्फाचा डबा घेऊन. मी तेव्हा अंगणवाडीत होते. कोंबड्यांच्या मानमोडीवर फुकट लस देत ती घरोघर फिरत होती. गावात त्या आधी कुठल्या तरी रोगाची आवई उठली होती. सरकारची माणसं येतात आणि धडधाकट कोंबड्यासुद्धा खड्ड्यात पुरतात, असं कुणीतरी पारावर सांगितलेलं. म्हातारीनं ते मनात धरलं होतं. अनोळखी माणसं, हातात डबा, तोंडाला फडकी. तिनं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्या कोंबड्या गोळा केल्या, डालग्याखाली घातल्या, वर हात ठेवला.

"त्यांना बरं न्हाई."

"कुणालाच बरं नाही का, मावशी?"

"एकीलाबी न्हाई."

लस देणारा पोरगा भला होता. म्हणाला, आजारी कोंबडीला ही लस देत नाहीत, बऱ्या झाल्या की दवाखान्यात घेऊन या. आणि पुढच्या घरी गेला. संध्याकाळी म्हातारीनं मला मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "आले होते उचलायला. बराबर परतवले."

लसच होती ती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी सांगितल्यावर ती जरा ओशाळली आणि म्हणाली, "असू दे. माझ्या कोंबड्यांना काय झालंय? जाईन कधी सेनगावला घेऊन." तो दिवस काही उगवला नाही.

आखाड लागला. एका सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले. मला म्हणाली, "पोरी, जावयाला फोन लाव."

"काय सांगू?"

"तू नको सांगू. म्या बोलते." मग म्हणाली, "मेलेलीचं जपता जपता जितीला पारखी झाले मी. ईश्वरी माझ्या संगीताचीच हाय ना? का कोंबड्याच तेवढ्या संगीताच्या?"

मी फोन लावून दिला. तिनं तो तोंडापुढं आरशासारखा धरला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली, "जावईबापू, लेकराला घेऊन या. घरची कोंबडी कापते. व्हय, घरची. गावरान. लाली कापते."

पलीकडून तो म्हणाला, "येतो मामी."

मधल्या दिवसांत तिनं लालीला काय काय खाऊ घातलं! भिजवलेली डाळ, गूळ, शेंगदाण्याचं कूट. मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत बसायची. मी भिंतीवरून बघायचे नाही. सुरी आमच्याकडून नेली होती तिनं, तीही पदराखाली लपवून.

जावई येणार त्या दिवशी सकाळी तिची किंकाळी ऐकू आली. मी धावले. खुराड्याच्या तोंडाशी लाली तडफडत पडली होती, मान पाठीवर उलटलेली, चोच आभाळाकडं. आत टकली बसल्या जागी गोल गोल फिरत होती. बाकीच्यांचे पंख लोंबलेले, विष्ठा हिरवी. मानमोडी.

"पोरी, ही सोंगं न्हाईत गं," म्हातारी म्हणाली. जणू मला शंका होती.

आम्ही फोन करायच्या आत जीप दारात आली. जावई नवा पांढरा शर्ट घालून उतरला. मागं ईश्वरी, हातात आजीसाठी बिस्किटांचा पुडा. म्हातारी दारात गेली. हाताला हळद लागलेली, कारण ती लालीला हळद-तेल पाजत होती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडातून तेच शब्द आले. दुसरे कुठले येणार होते?

"जावईबापू, त्यांना बरं न्हाई."

त्यानं आधी तिच्या हाताच्या हळदीकडं बघितलं. मग हसला. असं हसू मला पुन्हा कुणाच्या तोंडावर दिसू नये.

"फोन करून बोलावलं मामी, यासाठी?"

"खरंच न्हाई. आत येऊन बघा."

"लई वर्षं बघितलं."

मी मधे पडले, शपथ घेतली. तो म्हणाला, "वहिनी, तुमीबी त्यांच्याच शेजारच्या." ईश्वरीला उचलून त्यानं मागं बसवलं. म्हातारी आत पळाली, लालीला उचलून बाहेर आली. जीप वळली होती. ती भर रस्त्यात दोन्ही हातांनी कोंबडी वर धरून उभी राहिली, आणि जीपच्या मागच्या काचेतून ईश्वरी बघत राहिली. बिस्किटांचा पुडा म्हातारीच्या ओट्यावरच राहिला.

मी सेनगावच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "आता यावर औषध नाही, ताई. लस आधी द्यावी लागते. शक्ती राहील असं खाऊपिऊ घाला. एखादी वाचली तर वाचली." हे मी येऊन सांगितलं तेव्हा म्हातारी कोपऱ्यात बसली होती. तिनं सगळा हिशेब मनात लावला, मला तो तिच्या तोंडावर दिसला.

"माझ्याच तोंडानं मेल्या," ती म्हणाली. "म्या म्हणलं बरं न्हाई, अन् देवानं तेच धरलं."

गावात लस राहून गेलेल्या ज्या कोंबड्यांना नुसती सुस्ती आली, त्या लोकांनी घाईघाईनं कापून खाल्ल्या. तिचा पुतण्या, भावकीतला एवढा एकच जवळचा, तोही येऊन म्हणाला, "काकू, मातीत घालण्यापरीस पोटात घाला." तिनं त्याला दाराबाहेर काढलं.

मग ती सेवा करायला बसली. आधीची सगळी सोंगं आता तिला खरी करावी लागली. चुलीजवळ पोती अंथरून सगळ्यांना ऊब दिली. लसूण ठेचून गुळात घातला. कापसाची वात पाण्यात बुडवून थेंब थेंब चोचीत सोडायची. ज्यांची मान उभी राहत नव्हती त्यांची मान हातात धरून बसायची, हात भरून आला की दुसरा हात लावायची. मी जेवण नेऊन ठेवायचे, ते तसंच राहायचं. टकली गेली, मग लाली गेली, मग एकेक करत बाकीच्या. प्रत्येकीला तिनं घरामागं खोल पुरलं, वर चुना टाकला आणि लिंबाची फांदी ठेवली. तिला रडताना मी संगीताच्या वेळीही बघितलं नव्हतं. तेव्हा तिची वाचाच बसली होती. या वेळी ती मोकळ्या आवाजात रडली, आणि मला वाटतं त्यात दोन्ही वेळचं होतं.

काबरी तेवढी वाचली. पण मान वाकडीच राहिली, उजव्या खांद्यावर पडलेली. दाणा दिसायचा एकीकडं आणि चोच पडायची दुसरीकडं. समोर मूठभर ज्वारी टाकली तरी ती उपाशी राहिली असती. म्हातारी तिला मांडीवर घेऊन पिठाच्या गोळ्या भरवायची, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

मी म्हटलं, "आत्याबाई, हिचा फोटो जावयाला पाठवते. बघू दे त्यांना डोळ्यांनी."

"नको."

"का पण?"

"लंगडं-पांगळं दाखवून नात मागू का त्याला? त्याला यायचं आसंल तवा येईल."

त्या दिवसांपासून एक गोष्ट झाली. 'बरं न्हाई' हे शब्द तिनं टाकले. कुणी आलं तरी डालग्याकडं हात जायचा नाही. उलट कुणी काबरीकडं बघून चुकचुकलं की ताडकन म्हणायची, "काय झालं तिला? झकास हाय ती." स्वतःबद्दलही तेच. थंडी पडली तसा तिला खोकला लागला. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचा. मी दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायची, "मला काय धाड भरली? मला बरं हाय." ओरडून बघितलं, हात धरून ओढलं. कोंबड्यांच्या शिंकेला उठणारी ही बाई, स्वतःच्या तापाला कपाळावर हात लावू देत नव्हती.

शेवटी बोलायचीही ताकद राहिली नाही तेव्हा आम्ही तिला उचलून सेनगावला नेलं. छातीत पाणी झालं होतं. सलाईन लावलेला हात माझ्या हातात होता. तिनं विचारलं, "काबरीला भरवलं का?" मी हो म्हटलं. "पाणी वातीनं पाज. चोच बुडवू नको, तिच्या नाकात जातं." हेच तिचं शेवटचं बोलणं. जावयाला निरोप दिला होता. तो येऊन पोचला तेव्हा ती गेलेली होती.

दिवस पुतण्यानं केले. जावई ईश्वरीला घेऊन तेरवीपर्यंत थांबला, कुणी थांब म्हटलं नसताना. मी रोज सकाळी काबरीला मांडीवर घेऊन भरवायचे. तो ओट्यावर बसून बघायचा. एक दिवस त्यानं विचारलं, "ही अशी कवापासून?"

"तुम्ही पांढरा शर्ट घालून आला होता ना, त्या दिवसापासून."

त्यानं काबरीची वाकडी मान बोटानं उचलून बघितली. ईश्वरीच बोलली, "मी म्हणलं होतं ना बाबा, आजीच्या हातात कोंबडीची मान पडली होती."

मग मी सगळं सांगितलं. आता कुणाला तकलीफ होईल म्हणून थांबायचं कारण राहिलं नव्हतं. संगीतानं बसवलेली अंडी सांगितली, झाडपाल्याच्या बाबाचं नाव कुणी काढलं ते सांगितलं, लालीला घातलेला गूळही सांगितला. तो एवढा दणकट माणूस ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. "मला एक डाव सांगायचं ना, मामी," असं रिकाम्या घराकडं बघून म्हणत राहिला.

तेरवीचं गोड जेवण झालं की दुसऱ्या दिवशी आमच्यात घर तिखट करतात. काहीतरी कापायचं, भावकीनं एकत्र जेवायचं आणि दुःख मागं टाकायचं. पुतण्यानं सकाळीच चूल पेटवली. अंगणात बघितलं तर जिवंत अशी एकच, डालग्याखालची काबरी. तो डालग्याकडं गेला आणि म्हणाला, "एकच हाय, पर गावरान हाय. रश्श्याला चव येईल. जावईबापूंनाबी या घरची कोंबडी कधी भेटली न्हाई, आज भेटंल."

मी घमेलं टाकून उठले. पण माझ्या आधी जावई उठला होता. तो डालग्यापाशी उकिडवा बसला आणि वरून तळहात दाबून धरला.

"तिला बरं न्हाई," तो म्हणाला.

पुतण्या हसायला लागला होता, पण जावयाचं तोंड बघून थांबला. मी घमेलं परत उचललं.

तिखट तर करायचंच होतं. पुतण्या सेनगावला गेला आणि बायलर घेऊन आला. संध्याकाळी पंगत बसली. मी वाढत होते. जावयाच्या ताटापुढं माझा हात जरा थबकला. त्यानं मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. मी पुढं निघाले तर म्हणाला, "वहिनी, अजून रस्सा वाढा."